शुनःशेप दत्तक होता काय ?

दत्तकविषयक जुन्या कागदांना प्रस्तावना लिहितांना शुनःशेपास आद्य दत्तक म्हणून पुढें करण्याची चाल पडून गेली आहे. आमच्या मतें ती निराधार आहे. जन्मदात्यानें पुत्रावरील आपला हक्क आपखुषीनें सोडावा हा दत्तकाचा गाभा खरा. परंतु हक्क सोडण्याचे प्रकार अनेक आहेत, व अजीगर्ताचा प्रकार दानाचा नव्हे.

ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेंतील ही कथा वाचकांस ठाऊकच आहे; वादापुरती तिची उजळणी करूं. हरिश्चंद्रानें वरुणास बोललेला रोहित अरण्यांत निघून गेला. तेथें त्यास भुकेनें व्याकुळ झालेला अजीगर्त सौयवसि भेटला. बापानें थोरल्या पुत्रास धरून ठेविलें, आईनें धाकट्यास. मधला शुनःशेप उभयतांच्या संमतीनें शंभर गाईंस गेला. पुढें यज्ञांत त्यास यूपास बांधावयास कोणी मिळेना, तेव्हां बापानेंच आणखी शंभर गाई घेऊन बांधिलें. मारावयासहि कोणी मिळेना, तेव्हां पुनः शंभर घेऊन तो शस्त्र पाजळीत पुढें आला.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत अजीगर्तानें क्षुधेच्या परिहारार्थ हें केलें, म्हणून त्यास पाप लागलें नाहीं असा निर्वाळा दिला आहे. पहिल्या शंभर गाईंपुरता तो कोणी मान्य करील. पण शंभर गाई दारीं बांधल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या मोबदल्यास कोणती क्षुधा कारण झाली ? शिवाय ब्राह्मणग्रंथांत बाप स्वमुखानेंच आपलें पाप कबूल करितो. मूळांतील आरोपी कबुली देत असतां स्मृतिकारानें त्यास निर्दोष सोडावें, हें आम्हांस पटत नाहीं.

वसिष्ठ धर्मसूत्राचा सतरावा अध्याय अधिक सावध आहे. तेथें शुनःशेपाचा दाखला क्रीत व स्वयमुपागत या दोन पुत्रांस दिला आहे, दत्तकास नाहीं. मात्र दोन फरक ध्यानांत घेण्यासारखे आहेत. सूत्रांत खरेदी करणारा हरिश्चंद्र आहे, ब्राह्मणांत रोहित. दुसरा फरक मोठा. सूत्रांत सर्व ऋत्विज मुलास मागतात व तो विश्वामित्रास निवडतो. बाप तेथें पुनः बोलतच नाहीं. ब्राह्मणांत मात्र अजीगर्त मुलगा परत मागतो, गाई देऊं करितो, पितामहांच्या तंतूची आठवण देतो. आणि मुलगा त्याच्या हातांतील शस्त्राची आठवण देऊन तोडलेलें जुळणार नाहीं असें सांगतो. हक्क सोडलेल्या पित्यास तो परत मिळतो काय, या प्रश्नाचें उत्तर येथें खुद्द मुलानें दिलें आहे, आणि सूत्रकारानें नेमकें तेंच गाळलें.

खरें दान याहून निराळें. याज्ञवल्क्य एके ठिकाणीं पत्नी व पुत्र यांस देय वस्तूंतून वगळितो, आणि माता किंवा पिता ज्यास देतात तो दत्तक, असेंहि सांगतो. तेव्हां हें दान मालकीच्या वस्तूचें नव्हे, हें उघड आहे. मनूच्या मतें दत्तक जन्मदात्याचें गोत्र व रिक्थ घेत नाहीं, आणि देणाराची स्वधाहि सुटते. म्हणजे देणारा आपलें श्राद्धच देऊन टाकितो. द्व्यामुष्यायणाची तडजोड निघाली ती हा तोटा ज्यांस सोसवेना त्यांच्याकरितां, असें आम्ही समजतों.

१९५६ च्या हिंदु दत्तक व पोटगी कायद्यानें दत्तकाबद्दल मोबदला घेण्यास मनाई केली, व विधिपूर्वक झालेलें दत्तक रद्द होत नाहीं असें ठरविलें. अजीगर्ताचा व्यवहार त्या कायद्यासहि दत्तक म्हणून मान्य झाला नसता. २०१५ च्या बालन्याय कायद्यांत मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांस फेरविचारासाठीं दोन महिन्यांची मुदत आहे. यूपाजवळ अशी मुदत कोणी ठेविली नव्हती.

संग्राहकांस एवढीच विनंती कीं, मूल एका घरांतून दुसऱ्या घरीं गेल्याच्या प्रत्येक कागदास यादींत 'दत्तकपत्र' म्हणूं नये. देणाराचें नांव, आईची संमति व मोबदल्याचा उल्लेख असल्यास तो, हीं स्वतंत्र नोंदावीं. आजवर आम्ही पाहिलेल्या याद्यांत घेणाराचें घराणें तेवढें असतें. देणाराचें संमतिपत्र बहुधा लहानशा चिटोऱ्यावर असतें. तें मूळ रुमालांतून वेगळें काढूं नये.