पोकळीतला ठोकळा

वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या वाट्याला दोन खोल्या, अर्धी ओटी आणि विहिरीच्या पाण्याचा निम्मा हक्क आला. गिटारी मात्र पाचच्या पाच माझ्याच होत्या. नंदाखालच्या जुन्या घरात त्या भिंतीभर टांगलेल्या असत. दोन खोल्यांत एकीपुरतीच जागा. बायकोने हे एकदाच सांगितलं, तेही भांडी लावता लावता, त्यामुळे वाद घालायची सोय राहिली नाही.

भरीव लाकडाची पुतण्याने नेली. साधी अकूस्टिक पवित्र आत्म्याच्या चर्चमधल्या गायकवृंदाकडे गेली. बारा तारांची विकली, मोठ्या पोटाची आर्चटॉपही विकली. राहिली ती चेरी रंगाची एपिफोन डॉट, किमतीत पाचांमध्ये चौथी. "काका, हीच का?" पुतण्याने विचारलं. तेव्हा धड उत्तर देता आलं नव्हतं, ते आता देतो.

डॉटचा मूळ नकाशा १९५८ सालचा. टेड मॅकार्टी गिब्सन कंपनीचे अध्यक्ष असताना त्या वर्षी ईएस-३३५ बाजारात आली. तोवर विजेच्या गिटारीचे दोन तट होते. पूर्ण पोकळ गिटारीचा आवाज गोल आणि घुमारदार. पण स्पीकर मोठा केला की त्याच्या आवाजाने तिचं पोट थरथरतं, तो थरथराट तारांखालचा पिकअप टिपून परत स्पीकरकडे पाठवतो आणि फेऱ्यावर फेरे होत शेवटी किंकाळी फुटते. भरीव गिटार किंचाळत नाही, तिचा सूर लांब टिकतो, पण तिच्या अंगात वारा नाही. गिब्सनच्या कारागिरांनी पोकळ पेटीच्या मधोमध, मानेपासून तळापर्यंत, मेपलचा ठोकळा बसवला आणि दोन्ही कुशी पोकळ ठेवल्या. वरची पाटी कमानदार, ठोकळा सपाट. मधली फट भरायला स्प्रूसच्या पट्ट्या घातल्या. पेटीची जाडीही पावणेदोन इंचांच्या आसपास आणली. कल्पनेची चाहूल आधीच लागली होती. १९४० च्या सुमारास गिटारवादक लेस पॉलने न्यूयॉर्कला एपिफोनच्या कारखान्यात एका चौकोनी ओंडक्याच्या दोन्ही अंगांना पोकळ गिटारीचे अर्धे अर्धे तुकडे जोडून पाहिले होते. १९५७ साली एपिफोन गिब्सनच्याच मालकांकडे आली. म्हणजे माझी डॉट ही मोठ्या घरातली धाकटी जाऊ. दागिने कमी, हाताची चव तीच.

आता ती मांडीवर घेऊ. दोन्ही खांदे सारखे गोल, त्यामुळे उजवा हात कुठेही टेकला तरी अवघडत नाही. छातीवर इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं, व्हायोलिनला असतात तशी. अंगाला प्लाय लावलेलं मेपल. प्लाय म्हटलं की शौकीन नाक मुरडतात. मुरडोत. अर्नाळ्याचा समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. श्रावणात कपाटातल्या चपला हिरव्या होतात. माझ्या अकूस्टिकची अखंड लाकडाची पाटी दर पावसाळ्यात फुगायची आणि तारा वर उचलायची. उभे-आडवे थर चिकटवलेलं मेपल हलत नाही. जूनमध्ये लावलेली गिटार ऑक्टोबरातही हाताला तशीच लागते.

सूर खटक्याच्या तीन जागी राहतात. मानेजवळच्या पिकअपवर खटका ठेवा आणि टोनचा नॉब निम्म्याच्या खाली आणा. आवाज सुकेळीसारखा होतो: राजेळी केळं उन्हात वाळून आत गडद झालेलं, चावलं की दाताला किंचित चिकटणारं. खटका पार खाली, ब्रिजच्या पिकअपवर न्या. कैरीची फोड. मीठ न लावलेली. खटका मध्ये ठेवलात की दोन्ही पिकअप एकदम बोलतात, आणि इथे कान द्यावा. तारेला नख लागल्याचा टक आधी ऐकू येतो, मागून त्याच सुराची पोकळ सावली येते. तंबोऱ्याच्या भोपळ्यात सूर घुमत राहतो. इथे ठोकळा त्याला फार घुमू देत नाही. तो कुशीत जेमतेम वळसा घेतो आणि परत येतो. तेवढ्या वळशासाठी ही गिटार.

दोन्ही पिकअप हंबकर जातीचे. सेथ लव्हरने पन्नासच्या दशकात गिब्सनसाठी बसवलेली युक्ती साधी आहे. दोन गुंडाळ्या उलट जोडायच्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवायचे. तारेचा सूर दोन्हींत बेरीज होतो, विजेची घरघर वजा होते. माझ्या भरीव गिटारीला एकेरी गुंडाळीचे पिकअप होते. विहिरीवरचा पंप सुरू झाला की ती गुरगुरायची, आणि वाडीत पंप सकाळ-संध्याकाळ चालतो. डॉट गप्प असते.

पण हरहुन्नरीपणाचं श्रेय मी पिकअपना देणार नाही. ते जातं आवाजाच्या नॉबला. अँप थोडा तापवून ठेवायचा, नॉब चारावर. हलक्या बोटाने छेडलं तर स्वच्छ घंटी. जरा जोरात मारलं की कडेला खरखर उठते. नॉब आठावर नेला की तोच हात ब्लूज गाऊ लागतो. माझ्या पाचांतल्या चौघींचा एकेक ठरलेला आवाज होता, आणि मी वाजवताना त्या आवाजामागे जायचो. हिच्याबाबतीत उलट. माझं बोट कसं पडलं हे ती लगेच सांगते, आळसासकट. ती मी ठेवली त्याचं कारण हेच.

थोरांनीही हिच्या घराण्याकडून अशीच वेगवेगळी कामं करून घेतली. बी. बी. किंगची 'ल्युसिल' नावाची गिटार याच कुळातली. किंकाळी आवरायला ते एफच्या भोकांत फडकी कोंबत. १९८० साली गिब्सनने त्यांच्या नावाचं मॉडेल काढलं ते भोकांशिवायच. लॅरी कार्लटनने १९७६ साली 'किड शार्लमेन' या गाण्यात हिच्यावर जो सोलो घेतला, त्यात जाझचे अवघड स्वर रॉकच्या तापल्या आवाजात एकेक सुटे ऐकू येतात. त्याने घरच्या स्टुडिओचं नावच 'रूम ३३५' ठेवलं. आणि आमच्यासारख्या गिटारी कमी करणाऱ्यांचा मूळपुरुष एरिक क्लॅप्टन. व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी त्याने १९९९ साली शंभर गिटारी लिलावात काढल्या. १९६४ ची चेरी ३३५ मात्र त्या खेपेला हातातून सोडली नाही. ती गेली २००४ साली, चाळीस वर्षांच्या सोबतीनंतर, ८,४७,५०० डॉलरला.

खोड सांगायलाच हवी. भरीव गिटारीला मागे किंवा पुढे झाकण असतं. स्क्रू काढले की वायरी समोर. इथे झाकण नाही. खारट हवेने माझा एक नॉब कुरकुरायला लागला तेव्हा त्याचा आतला भाग एफच्या भोकातून बाहेर काढावा लागला. आधी त्याच्या दांड्याला शिवणाचा दोरा बांधायचा, नट सोडून त्याला आत ढकलायचं, मग भोकातून चिमट्याने ओढून साफ करायचं. परत बसवताना तोच दोरा हळूहळू ओढत दांडा बरोबर छिद्रात आणायचा. अख्खा रविवार गेला. बायकोला वाटलं मी विहिरीत पडलेली कळशी काढतोय, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. मोठ्या बँडमध्ये, ढोलाच्या शेजारी, ही अजूनही कधीतरी किंचाळते. मग अँपच्या समोरून जरा कडेला सरकायचं.

शेवटची परीक्षा दुकानात होत नाही. गेल्या जूनच्या पहिल्या वादळात माडाची झावळी तारेवर पडली आणि रात्री लाईट गेली. भरीव गिटार अशा वेळी फळी असते. अकूस्टिक शेजाऱ्यांना उठवते. मी ओटीवर बसून डॉट तशीच, वायरीशिवाय वाजवली. कुशीतल्या पोकळीने सूर उचलला, ठोकळ्याने दाबला. उरला तो कोणी कानाशी बोलावं एवढा. पागोळ्यांच्या आवाजाखाली तो मावत होता. तासाभराने लाईट आली, मी गिटार आत ठेवली.

सकाळी विहिरीवर मोठा भाऊ भेटला. वाटण्यांपासून आमचं बोलणं पाण्याच्या पाळीपुरतं उरलं होतं. कळशी भरता भरता तो म्हणाला, "काल मधेच का थांबलास?"

"लाईट आली," मी म्हणालो.