फेंगडी चाकं आणि पाण्याचा पेला

गेल्या उन्हाळ्यात नागपूरजवळच्या खापरखेड्यात राखेच्या ट्रकमागे एक पांढरी स्विफ्ट गतिरोधकावर अडली. स्प्रिंगा कापून जमिनीला टेकवलेली, चाकं फेंगडी, मागच्या काचेवर जपानी अक्षरं. पोरं खाली उतरली, गाडी तिरपी घेतली, तरी तळ खरडलाच. त्या खरडण्यानेच मला लिहायला बसवलं.

जपानची नक्कल करणाऱ्या अशा गाड्या आता जिकडेतिकडे दिसतात, पण त्यांत जपान कुठेच नाही. तिथल्या शैलींच्या पोटात रस्ता आहे. ओसाकाच्या जेमतेम १० किलोमीटरच्या वर्तुळमार्गाने हलक्या, चपळ सिव्हिक घडवल्या. टोकियोच्या किनाऱ्यालगतच्या 'वांगान' द्रुतगती मार्गाने अफाट वेगाच्या गाड्या.

माझं मन गुंतलंय ते तोगेत, म्हणजे घाटात. १९९५ साली सुरू झालेल्या शुइची शिगेनोंच्या 'इनिशियल डी' या चित्रकथेचा नायक कोण? पहाटे डोंगरावर टोफू पोचवणारा दुकानदाराचा मुलगा. बाप गाडीत पाण्याचा पेला ठेवतो. वळणावर पाणी सांडता कामा नये, कारण धक्क्याने माल फुटतो. त्या मुलाच्या हाताची सगळी नजाकत येते ती या हमालीतून. त्याची टोयोटा एई-८६ बाजारात आली १९८३ साली. आपली मारुती ८०० सुद्धा त्याच वर्षीची, हलकी, साधी, कुठल्याही मिस्त्रीच्या हाताला वळणारी.

आपल्याकडे या परंपरेची खरी वारस रॅलीतली जिप्सी. १९८५ साली आलेली ही सुझुकी आपल्या लोकांनी हिमालयातल्या दगडगोट्यांसाठी उंच केली, पाटे आणि शॉकअब बदलले, पोटाखाली लोखंडी पत्रा ठोकला. जपानी गाडी आणि भारतीय रस्ता यांच्या भांडणातून एक रूप निघालं. त्याला मी शैली म्हणतो.

मग खापरखेड्याची शैली कोणती? १३४० मेगावॅटचं वीज केंद्र, कोळशाचे ट्रक, राखेची धूळ, मे महिन्यातलं ४५ अंश ऊन. हा रस्ता हवेचा फिल्टर मागतो, धडधाकट रेडिएटर मागतो, तळाला उंची मागतो. बसलेल्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून गाडी चार बोटं उचलणारा मिस्त्री हे मागणं रोज पुरवतो. त्याच्या कामाचा फोटो कुणी काढत नाही.

कायदाही त्याला ओळखत नाही. मूळ बनावटीत फेरफार नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे सांगितलं. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवर पोलिसांनी खुशाल रोडरोलर फिरवावा. पण गाडी रस्त्याला जुळवणारा आणि स्प्रिंग कापणारा, दोघांना एकच न्याय का? जपानने १९९५ साली गाड्यांतल्या फेरफारांचे नियम सैल केले आणि तपासणी कायम ठेवली. आपल्या परिवहन खात्याला हे का जमू नये? आणि आपल्या पोरांना तरी इथला रस्ता का दिसू नये?

त्या स्विफ्टवाल्या पोराला माझं सांगणं आहे. कापलेल्या स्प्रिंगा काढ, चाकं सरळ कर, आणि भरलेला पेला सावनेरपर्यंत न सांडता नेऊन दाखव. मी शेजारी बसायला तयार आहे.