आर्थरचा कायदा आर्थरच्याच घरात

मंडळी, गेल्या खेपेला आपण थॉमस मॅलरीची आर्थरकथा पाहिली, कॅक्स्टनने १४८५ साली छापलेली. आज तिच्यावर उभी राहिलेली कादंबरी घेऊ: टी. एच. व्हाइट यांची ‘द वन्स अँड फ्यूचर किंग’. लेखकाचा जन्म मुंबईतला, १९०६चा. कादंबरी मात्र अस्सल इंग्रजी मातीतली. पहिला भाग आला १९३८मध्ये, चारही भाग एकत्र १९५८मध्ये. मधे महायुद्ध होऊन गेलं, हे विसरायचं नाही.

तलवार आहे, जादू आहे, उलट्या काळात जगणारा मर्लिन आहे. तो लहानग्या आर्थरला कधी मासा करतो, कधी मुंगी, कधी रानहंस. वाचताना गंमत वाटते, पण शिकवणी चाललीय राज्य करण्याची. मुंग्यांकडे नुसती हुकूमत. हंसांना आपसातलं युद्ध ही कल्पनाच किळसवाणी वाटते.

व्हाइट यांचा प्रश्न असा: चांगल्या माणसाने चांगल्यासाठी बळ वापरलं, तर शेवटी काय होतं? दांडगाईला दुबळ्यांच्या रक्षणाला जुंपावं, म्हणून आर्थर गोलमेज मांडतो. काही काळ जमतं. मग शत्रू संपतात आणि सरदार कोण किती जिंकलं याचे हिशेब मांडत बसतात. राजा त्यांना ग्रेलच्या, त्या पवित्र पात्राच्या शोधाला लावतो. त्यातले उत्तम ते गमावतो. अखेर तो बळाच्या जागी कायदा आणतो.

आणि मॉर्ड्रेड तोच कायदा राजाच्या घरात नेतो. राणी आणि लान्सलॉट यांचं प्रेम आर्थरने आजवर पाहून न पाहिल्यासारखं केलेलं. आता राणीला जाळण्याची शिक्षा होते. तिला वाचवावं तर कायदा खोटा ठरतो. म्हणून राजा शिक्षा मान्य करतो, खिडकीत उभा राहतो आणि वाट बघतो लान्सलॉटची! ज्या बळाला हद्दपार करायचं, त्याच्याकडेच डोळे लागलेले. लान्सलॉट येतो, राणीला सोडवतो. पण त्या गर्दीत गवेनचे निःशस्त्र भाऊ मारले जातात आणि युद्ध पेटतं. आम्हाला हे प्रकरण कादंबरीचं काळीज वाटतं.

उणीवही सांगायला हवी. मॉर्ड्रेडची आई मॉर्गॉज क्रूर, एवढीच उरते. तिच्या आईवर झालेला अन्याय कथेत आहे. पण त्याची झळ तिच्या मनाला कशी लागली, तिथे लेखक थांबत नाही.

शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री आर्थर टॉम नावाच्या पोराला गोष्ट सांगतो आणि रणांगणापासून दूर धाडतो. हा टॉम म्हणजे आपला मॅलरीच. हरलेला राजा कायद्याचं काय करायचं ते सांगू शकत नाही. निदान आपण काय करून पाहिलं, ते कुणाला तरी ठाऊक राहावं, एवढी तजवीज करतो.