खपणाऱ्या पुस्तकांवर बाकीचे लेखक का चिडतात?

माझं पीएचडीचं काम रसायनशास्त्रातलं, त्यामुळे साहित्यावर लिहिताना हात जरा आखडतोच. पण आजचा प्रश्न साहित्याइतकाच संशोधनाचाही आहे. एखादं पुस्तक सोपं असतं, धडाधड खपतं, आणि नेमके तेव्हाच बाकीचे लेखक त्याच्यावर तुटून पडतात. असं का होतं? यावर थोडंफार मोजूनमापून काम झालेलं आहे. ते आपल्या मराठी भांडणाला लावून बघू.

मराठीत उदाहरणं शोधत बसावं लागत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, कित्येक घरांत वाचनाची सवय त्यांनी लावली, पण वाङ्मयाच्या चर्चेत त्यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात. सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले. ‘दुनियादारी’ सिनेमा २०१३ मध्ये आला, तेव्हा कुठे अनेकांना ते आठवले. वाचनालयातली त्यांची पुस्तकं मात्र त्याआधीही हातोहात फिरत होती. व. पु. काळ्यांचं तर विचारूच नका. ‘वपु आवडतात’ असं चारचौघांत सांगितलं की समोरचा वाचणारा असेल तर हमखास मंद हसतो. दुसऱ्या बाजूला १९६३ मध्ये अशोक शहाण्यांनी तेव्हाच्या मराठी वाङ्मयाचा ‘क्ष किरण’ काढला. पुढे भालचंद्र नेमाड्यांनी ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असं थेट विचारलं. फडके-खांडेकरांसारख्या लाडक्या लेखकांचीही त्यांनी गय केली नाही.

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. वाचक म्हणतात, ‘जळतात हो, दुसरं काय!’ लेखक म्हणतात, ‘दर्जाच नाही.’ दोन्ही उत्तरं मला अर्धवट वाटतात.

‘रुचिरा’वर कुणी का चिडलं नाही?

नुसत्या जळण्याचाच प्रश्न असता, तर सगळ्यात जास्त राग कमलाबाई ओगल्यांवर यायला हवा होता. त्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि लाखांच्या घरात खपलं. भाषा इतकी सोपी की मापंसुद्धा वाटी-चमच्यात. पण कुणा कादंबरीकाराने ‘रुचिरा’विरुद्ध लेख लिहिल्याचं ऐकलंय का? पाककृतीचं पुस्तक कादंबरीच्या रांगेत उभंच नाही, म्हणून त्याचा त्रास होत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दियू यांची मांडणी इथे कामी येते. त्यांच्या मते साहित्याच्या क्षेत्रात दोन बाजार असतात. एकात गिऱ्हाईक सामान्य वाचक आणि नाणं पैशाचं. दुसऱ्यात गिऱ्हाईक इतर लेखक-समीक्षक आणि नाणं मानाचं. या दुसऱ्या बाजारात हिशेब उलटा चालतो. तिथे फार खप झाला तर संशय येतो आणि खप नसणं हे कधीकधी प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र ठरतं. भांडण पेटतं ते पहिल्या बाजारातला लेखक दुसऱ्या बाजारातला मानही घेऊन जाऊ लागतो तेव्हा. नेमाड्यांचा ‘लेखकराव’ हा शब्द मला म्हणूनच अचूक वाटतो. त्यांचा रोख खपावर कमी आणि मिरवण्यावर जास्त आहे.

पुस्तक चुकीच्या हातात पडतं

आता आकडे. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांचा २०१४ चा एक अभ्यास आहे. मोठी बक्षिसं मिळालेली किंवा अंतिम यादीत येऊन हुकलेली ६४ इंग्रजी पुस्तकं त्यांनी घेतली आणि ‘गुडरीड्स’वरचे वाचकांचे ३८,८१७ अभिप्राय तपासले. बक्षीस मिळाल्यावर पुस्तकाचे गुण वाढतील असं आपल्याला वाटतं. झालं उलटं. जिंकलेल्या पुस्तकाचे वाचक वाढले, पण हुकलेल्या पुस्तकाच्या तुलनेत त्याचे गुण घसरले.

पुस्तक तर तेच होतं. बदलला तो वाचक. आधी ते पुस्तक आपल्या आवडीने शोधून काढणारे लोक वाचत होते. बक्षिसानंतर ‘एवढं म्हणतायत तर बघू’ म्हणणारे आले, आणि त्यांच्या आवडीशी पुस्तकाचा मेळ असेलच असं नाही. शिवाय गाजावाजा झाला की काही लोकांना ती गोष्ट तेवढ्यानेच नकोशी होते.

हा अभ्यास बक्षिसांवरचा आहे, खपावरचा नाही. तरी यंत्रणा तीच असावी असं मला वाटतं. वपुंचं पुस्तक वाढदिवसाला भेट मिळतं, हॉस्टेलच्या खोलीत पडलेलं असतं, त्यातलं वाक्य सकाळी फोनवर येतं. ज्याने ते आपणहून कधी उचललं नसतं, त्याच्यापर्यंतही ते पोचतं. न खपणारं वाईट पुस्तक कुणाला त्रास देत नाही, कारण ते कुणाच्या वाटेत येतच नाही. एवढ्या शिव्या पडतात याचा एक साधा अर्थ पुस्तक फार लांब पोचलं एवढाच असू शकतो.

नशिबाचा भाग

तरी लेखकांच्या चिडण्यात एक खरी तक्रार दडलेली आहे: ‘हेच का? माझं का नाही?’ मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलेला प्रयोग यावर बोट ठेवतो. ४८ अनोळखी गाणी आणि १४,३४१ माणसं. काहींना आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दिसत होतं, काहींना नाही. ज्यांना दिसत होतं त्यांचे आठ वेगळे गट होते आणि एका गटाचे आकडे दुसऱ्याला कळत नव्हते. प्रत्येक गटात लोकप्रिय गाणी सारखी निघाली नाहीत. उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, रद्दड गाणी क्वचितच वर आली, पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीला मिळालेली छोटीशी आघाडी वाढत गेली.

वाचनालयातही तेच चालतं. ज्या पुस्तकाला मागणी, त्याच्या जास्त प्रती घेतल्या जातात. जास्त प्रती दिसल्या की मागणी आणखी वाढते. त्यामुळे ‘खपतं म्हणजे चांगलंच’ हे खरं नाही, आणि ‘खपतं म्हणजे वाईटच’ हेही नाही. खपाच्या आकड्यात दर्जा किती आणि योगायोग किती, हे नुसता आकडा बघून वेगळं काढता येत नाही.

सोपं म्हणजे उथळ?

हा मुद्दा आम्हा संशोधकांना जास्त झोंबणारा आहे. जे. स्कॉट आर्मस्ट्राँग यांनी १९८० मध्ये व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांना काही उतारे वाचायला दिले. मजकूर तोच, भाषा कुठे सोपी तर कुठे अवघड केलेली. अवघड भाषेतलं संशोधन प्राध्यापकांना जास्त सक्षम वाटलं. याच्या उलट डॅनियल ओपनहायमर यांनी २००६ मध्ये दाखवलं, की विनाकारण बोजड शब्द वापरणारा लेखक साध्या वाचकांना कमी हुशार वाटतो. या निबंधाला त्याच वर्षी साहित्याचं ‘इग नोबेल’ मिळालं, हा बोनस.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर मला असं दिसतं, की वाचणारा कोण यावर बरंच ठरतं. धंद्यातल्या माणसाला अवघडपणात मेहनत दिसते. बाहेरच्याला अडवणूक दिसते. लेखकावर टीका करणारा लेखक हा धंद्यातलाच माणूस.

विज्ञानातही हेच होतं. कार्ल सेगन घराघरांत पोचले आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारलं. दोनच वर्षांनी त्याच अकादमीने त्यांना जनहितासाठीचं पदक दिलं! आपल्याकडे जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. नाव झाकून मजकूर तपासायचा, ही शिस्त साहित्यात क्वचितच पाळली जाते.

मग कुठली टीका खरी?

मला वाटतं, ‘सोपं’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो: सोपं वाक्य आणि सोपा निष्कर्ष. टीकाकार बरेचदा पहिल्यावर घसरतात, आणि दोष असतो दुसऱ्यात.

वपुंचं वाक्य सोपं आहे, ही त्यांची ताकद आहे. शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं ते दोन ओळींत उभी करतात. माझी तक्रार वेगळी आहे. माणूस अडचणीत सापडतो, गोष्ट आता कुठे तापायला लागते, आणि एक चकचकीत सुविचार येऊन सगळं मिटवून टाकतो. वाचणाऱ्याला हायसं वाटतं आणि प्रश्न तिथेच राहतो. म्हणून ती वाक्यं गोष्टीतून सुटी काढून फोनवर पाठवता येतात.

याउलट ‘कोसला’ घ्या. १९६३ चं पुस्तक, बोलीतलं, कॉलेजच्या पोरालाही झेपणारं, आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघालेलं. म्हणजे लोकप्रियांना झोडणाऱ्या नेमाड्यांचंच पुस्तक सोपं आणि खपणारं! पण ते मिटल्यावर डोक्यातली कटकट मिटत नाही.

आणखी जवळचं उदाहरण आमच्या पालघर जिल्ह्यातलं आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांच्या १९४५ च्या लढ्यावरचं. भाषा इतकी सरळ की शाळकरी मुलगाही वाचेल. साहित्य अकादमीने १९७२ मध्ये ते गौरवलं. वाक्य सोपं, पण वेठबिगारी कुणाच्या जिवावर चालली होती या प्रश्नातून ते वाचणाऱ्याला सुटू देत नाही.

हा फरक आमच्या भागात नुसता साहित्यिक नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, लहान-लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत घराबाहेर झोपले. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं: हे कधी थांबणार, मोठा येणार का? बोईसरला त्यात आणखी एक भर, कारण तारापूरचं अणुवीजकेंद्र जवळच आहे. फोनवर फिरणाऱ्या मजकुराकडे सोपी वाक्यंही होती आणि सोपे निष्कर्षही. विज्ञानाचं खरं उत्तर असं होतं: अशा मालिका जगात इतरत्रही होतात, बरेचदा मोठा धक्का न बसता विरतात, पण तारीख कुणीच सांगू शकत नाही. हेही सोप्या मराठीत सांगता येतं. पण त्यासाठी सांगणारा हवा, आणि सोपं लिहिलं की सहकारी हसतील या भीतीने तो गप्प बसला, तर मैदान अफवेला मोकळं.

म्हणून सोप्या पुस्तकावर टीका जरूर व्हावी. फक्त टीका करणाऱ्याने आधी सांगावं, की त्याला वाक्य खटकलं, निष्कर्ष खटकला, की वाचणारी माणसं खटकली. तिसरं असेल तर ती समीक्षा नव्हे.

तुमच्या वाचनात सोप्या भाषेतलं पण डोक्याला भुंगा लावणारं पुस्तक असेल, तर खाली नक्की लिहा. यादी करू.