पात्रवर्ग आणि संकर

१९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या सोंगांच्या खेळांत योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक हे तीनच पात्रवर्ग होते. पुढें ते वाढले. १९७८ च्या नियमांप्रमाणें एकाच वेळीं दोन वर्ग पत्करणाऱ्याचा अनुभव दोहोंत विभागला जाई. हा दंड आम्हांस रास्त वाटतो.

आमच्या रंगभूमीवरही स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी अशी वर्गवारी होतीच. कोल्हापूरचे केशवराव भोसले शारदेच्या भूमिकेंत गाजले. पण ८ जुलै १९२१ रोजीं संयुक्त ‘मानापमाना’त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर तेच धैर्यधर म्हणून उभे राहिले. स्त्रीवेषांतला लौकिक तेथें कामीं येणार नव्हता. नवा मिळवावा लागला.

नुसत्या वर्गांच्या यादीनें पात्र समृद्ध होत नाहीं. मोल देऊन केलेल्या संकरांतच नाट्य असतें. फुकटचें सामर्थ्य म्हणजे केवळ गांठोडें.