मावळतीकडे वळलेला क्रूस

निसर्गचित्रास वेदीवर स्थान द्यावे काय? १८०८ च्या नाताळात कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराने ड्रेस्डेन येथील आपल्या चित्रशाळेत ‘डोंगरावरील क्रूस’ हे वेदीचित्र लोकांपुढे मांडले आणि या प्रश्नाने वादळ उठविले. पुढच्याच महिन्यात रामडोर या टीकाकाराने आक्षेप घेतला, की निसर्गचित्र आता चर्चमध्ये शिरून वेदीवर चढू पाहत आहे. हा आक्षेप आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. सूर्यास्त पाहून मन हळवे होते. परंतु हळवेपणा म्हणजे श्रद्धा नव्हे.

चित्रात काळोखलेले खडकाळ शिखर आहे, सूचिपर्णी वृक्ष आहेत, जांभळट-तांबूस ढग आहेत. शिखरावर एक उंच, सडपातळ क्रूस असून त्यास वेलीने विळखा घातला आहे. खडक म्हणजे श्रद्धा, सदाहरित वृक्ष म्हणजे आशा, असा उलगडा चित्रकाराने स्वतःच केला होता. परंतु चित्राचे मर्म या प्रतीकांहून अधिक त्यातील प्रकाशात आहे. सूर्य डोंगराआड आहे. आपणांस तो दिसत नाही. क्रूसावरील धातूचा ख्रिस्त त्याच्याकडे वळलेला आहे आणि त्याच्या अंगावर ते तेज झळकते आहे. अदृश्य पित्याचे दर्शन पुत्राच्या ठायी घडते, ही आपली श्रद्धा येथे रंगांतून प्रकट होते. पाहणाऱ्यास पाय टेकण्यापुरतीही जागा चित्रकाराने पुढे ठेवलेली नाही. म्हणून वातावरणात भय आणि ओढ एकत्र नांदतात.

क्यून या मूर्तिकाराने कोरलेल्या सोनेरी चौकटीवर खाली गव्हाची कणसे, द्राक्षवेल आणि त्रिकोणातील देवाचा नेत्र आहे. वर ताडाच्या झावळ्यांत देवदूतांची मुखे आहेत. चित्रकार ल्यूथरपंथी होता, तरी गहू व द्राक्षे पाहताच आपणांस मिस्साबलिदान आठवते. मात्र चित्र जे मौनाने सुचविते, ते चौकट मोठ्याने सांगते, एवढा दोष आम्हांस जाणवतो.

हे चित्र पुढे टेचेनच्या गढीत थून सरदार घराण्याच्या शयनगृहात लागले; आज ते ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. रामडोरच्या आक्षेपास आमचे उत्तर इतकेच, की या चित्रातील क्रूस क्षणभर हाताने झाकून पाहावा. मागे केवळ एक रम्य सायंकाळ उरते. घरच्या वेदीसाठी चित्र निवडतानाही हीच कसोटी लावावी: ख्रिस्त वगळला तरी ज्याचे काही बिघडत नाही, ते चित्र दिवाणखान्यात शोभेल, वेदीवर नव्हे.