भांडण कोणाशी? साहित्यातल्या संघर्षाचे प्रकार आणि त्यांची अडचण

साहित्यातल्या संघर्षाचे प्रकार म्हटलं की विद्यार्थी बोटांवर मोजायला लागतात. माणूस विरुद्ध माणूस, विरुद्ध निसर्ग, विरुद्ध समाज, विरुद्ध नियती, आणि शेवटी स्वतःविरुद्ध. अलीकडे यंत्राचीही त्यात भर पडली. यादी खोटी नाही, परीक्षेत गुणही मिळवून देते. पण एक प्रश्न तिच्या आधी येतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. संघर्ष कोणाशी आहे, हे ठरवलं कोणी? पात्रानं, लेखकानं, की आपण वाचकांनी?

आधी शब्द पाहू. संघर्ष म्हणजे घासणं. घर्षण त्याचंच भावंड. भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत, प्रारंभापासून फलागमापर्यंत. संघर्ष हा नाटकाचा प्राण आहे, असं तिथे म्हटलेलं नाही. संघर्षावाचून नाटक नाही, हे सूत्र आपल्याकडे इंग्रजी नाट्यविचाराबरोबर आलं आणि मुरलं. आलं ते बरंच झालं. पण शब्द आपण आपला निवडला, आणि त्या शब्दात एक गोष्ट दडलेली आहे. घासायला दोन वस्तू एकमेकींना टेकाव्या लागतात. माणूस ज्याला टेकतो त्याच्याशी घासतो. त्याला रेटणारं बळ मात्र कुठून तरी लांबून आलेलं असू शकतं.

लासलगावात हे फार समजावून सांगावं लागू नये. ट्रॉली रांगेत लागते, बोली होते, काही क्षणांत क्विंटलचा भाव ठरतो. शेतकरी टेकतो तो समोरच्या व्यापाऱ्याला. त्यामुळे चकमक उडते ती तिथेच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा इथले लिलाव बंद पडले, घोषणा झाल्या. निर्णय दिल्लीत झाला होता आणि मे २०२४ मध्ये तो उठला तोही दिल्लीतूनच. आता याला कोणता प्रकार म्हणायचा? माणूस विरुद्ध माणूस? समाज? पीक सडलं तर निसर्ग? २०१८ साली आपल्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये मनीऑर्डर करून थेट पंतप्रधानांना पाठवले होते. बातमी देशभर गाजली. आम्हाला त्यात निषेधापेक्षा वेगळं काही दिसतं. जो टेकत नाही त्याला टेकवून घेण्याची ती धडपड होती. समीक्षेच्या भाषेत बोलायचं तर त्या माणसानं आपला प्रतिपक्ष स्वतः निवडला, समोर उभा होता तो स्वीकारला नाही.

जुन्या कलाकृतींना ही अडचण कमी होती. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५चा. सावकार समोर आहे, त्याला चेहरा आहे, कुळाला तो दिसतो. प्रेक्षकालाही कोणावर चिडायचं ते कळतं. हा बाज मराठी ग्रामीण कथेनं पुढे बराच काळ चालवला, आणि आमच्या मते गरजेपेक्षा जास्त चालवला. सावकार जाऊन पतसंस्था आली, बँक आली, तरी कथेत मिशीवाला खलनायक हवाच, असं होऊन बसलं. चेहरा दिला की गोष्ट सोपी होते. सोपी झाली की ती थोडी खोटी होते.

आनंद यादवांची 'गोतावळा' घ्या. १९७१ची कादंबरी. मालकाच्या मळ्यावर राबणारा नारबा बोलतो, तोही त्याच्या कोल्हापुरी बोलीत. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मग ट्रॅक्टर येतो, बैलांचं काम संपतं, जनावरं एकेक करून जातात आणि नारबाला मळ्यात जागा उरत नाही. मार्गदर्शिकेत याला 'माणूस विरुद्ध यंत्र' म्हणतात. पण ट्रॅक्टरनं केलं काय? उभा होता, चालवला तेव्हा चालला. मग मालक दुष्ट का? तोही नाही. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे.

इथे आम्हाला हेगेल आठवतो. 'अँटिगनी'बद्दल तो म्हणतो ते थोडक्यात असं, की खरी शोकांतिका चांगलं आणि वाईट यांची नसते, दोन्ही बाजूंना हक्क असतो आणि दोन्ही एकांगी असतात. अँटिगनीला भावाचे अंत्यसंस्कार करायचे आहेत, क्रेऑनला राज्याचा कायदा राखायचा आहे. ही मोजपट्टी 'गोतावळा'ला लावली तर अर्धीच लागते. अँटिगनी क्रेऑनसमोर उभी राहून आपला हक्क मांडते. नारबाला आपला हक्क मांडायला शब्दच नाही. जनावरांवरचा जीव, एवढंच त्याच्याकडे आहे आणि हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नाही. त्याचा पक्ष मांडला जातो तो मालकापुढे नव्हे, आपल्यापुढे. मालकाला ट्रॅक्टर घ्यायला कशानं भाग पाडलं, हे कादंबरी फारसं उलगडत नाही, कारण ती नारबाच्या डोळ्यांपेक्षा वर चढत नाही. काहींना ही उणीव वाटते. आम्ही तिला कादंबरीचा प्रामाणिकपणा म्हणू.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ची. २००४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत, म्हणून शेतीत. बायको अलका शहराकडे डोळे लावलेली. बाहेर दुष्काळ, भाव, कर्ज. आणि भांडणं मात्र घरात. नवरा-बायकोत, भावाभावांत, बाप-लेकांत. वरवर वाचणारा याला 'कौटुंबिक संघर्ष' म्हणेल, अलकेला दोषही देऊन मोकळा होईल. पण ही माणसं एकमेकांशी घासतात कारण टेकायला तीच जवळ आहेत. बाजारभावाशी जेवताना भांडता येत नाही. देशमुखांचं सामर्थ्य असं की बाहेरच्या रेट्यावर भाषण न देता त्याचा आवाज त्यांनी भाकरीच्या ताटापाशी ऐकवला. अलकेच्या मनात मात्र त्यांनी आणखी शिरायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

आणि मग बाबूराव बागूल. आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३चा. शीर्षककथेतला निवेदक जात लपवून राहतो, उघडकीला येतो, मार खातो. मारणारे हात त्याला स्वच्छ दिसतात, माणसांची नावं ठाऊक आहेत. तरी शेवटी तो मार त्यांच्या नावावर मांडत नाही, मनूच्या नावावर मांडतो. यादीतले दोन प्रकार, माणूस आणि समाज, इथे वेगळे करताच येत नाहीत. ज्याच्या अंगावर वळ उठलेत तोच हातांच्या मागे पाहतो. मराठीत एवढी स्वच्छ नजर असलेली पात्रं थोडी आहेत. शिवाय तो मारणाऱ्यांना माफ करतो असंही म्हणता येत नाही. तो फक्त पत्ता बरोबर लिहितो.

एक चिठ्ठी आली आहे. कोणीतरी विचारलंय, जो विरोधच करत नाही त्याचा संघर्ष कोणता? उदाहरण 'एकच प्याला'तल्या सिंधूचं दिलंय. प्रश्न चांगला आहे. गडकरी गेल्यावर १९१९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आलं. सुधाकराचा संघर्ष आपण स्वतःविरुद्ध म्हणून शिकतो, पण पहिला प्याला हातात येतो तो वकिलीची सनद काही काळ गेल्यावर, चारचौघांतल्या अपमानानंतर. म्हणजे तोही पत्ता चुकलेला आहे. कोर्टाशी घासता येत नाही, मग तो घरात घासतो, आणि टेकायला तिथे सिंधू आहे. सगळी झीज तिची होते. ती उलटत नाही, हे नाटकाला तिचं वैभव वाटतं. नाटकाचा सगळा करुण रस त्यावर उभा आहे. पण त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याला तोंडावर बोलते, आणि तिच्या प्रवेशांत हशा पिकतो. सिंधूसाठी रुमाल काढणारं सभागृह गीतेला का हसतं, हे पुढच्या व्याख्यानात घेऊ. आज वेळ झाली.